चालण्याचं अंतर

माझं तोंड फटकळ आहे. हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे हेच तोंड नको तिथे कसं बंद राहिलं ते पुढे तुम्हाला कळेल. गंजाडजवळच्या आमच्या पाड्यात मी नऊ वर्षं आशाताई आहे. गरोदर बाईने लोहाच्या गोळ्या कणगीमागे टाकल्या तर मी त्या शोधून काढते. तापाने फणफणलेल्या माणसाला भगतासमोरून उठवून आरोग्य केंद्रात नेते. आणि विडीवाल्यांच्या तर मी हात धुऊन मागे लागलेली असते. शेजारचा पांड्या मला पाहिलं की पेटती विडी मुठीत लपवतो, चटका बसला तरी हसतो. "मूठ तेवढी उघडायला नको सांगू, हर्षदाबाय," म्हणतो. मी उघडायला लावतेच.

अशा माझ्या घरात माझ्याच सासऱ्यांचा पाय विडीने काळा पडला.

सासऱ्यांचं नाव लाहू, मी त्यांना बाबा म्हणते. साठीला अजून दोन वर्षं कमी. विडी मात्र बाराव्या वर्षापासून, गुरं राखायला जायचे तेव्हापासूनची. आधी त्यांची पोटरी भरून यायची. चिखलणी करताना थांबायचे, बांधावर बसायचे, बरं वाटलं की पुन्हा उठायचे. वय झालं, असं आम्ही सगळेच म्हणत होतो. मग ते खाटेवरून एक पाय खाली लोंबता ठेवून झोपायला लागले. पाय वर घेतला की ठणका लागायचा, खाली सोडला की जरा कमी व्हायचा. गेल्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला अंगठ्याचं टोक काळं पडलं, तेव्हा मी घाबरले आणि त्यांना तलासरीच्या बाजूला हायवेवरच्या एका हॉस्पिटलात घेऊन गेले. तिथे महिन्यातून दोनदा मुंबईहून रक्तवाहिन्यांच्या डॉक्टर येतात. दक्षा त्यांचं नाव. वयाने माझ्याएवढ्याच, पण बोलायला शांत.

"काका, पायाला रक्त नेणारी नळी विडीने आतून बुजली आहे," त्या म्हणाल्या. "पाट कुठे बुजला तर तुम्ही बाजूने दुसरा काढता ना? मी तेच करणार. मांडीतली एक शीर काढायची आणि बुजलेल्या जागेला वळसा घालून ती खाली जोडायची."

ऑपरेशनला सहा तास लागले. अंगठा गेला, पाय राहिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझं बोट धरून बाबांच्या पावलावर ठेवलं, आणि माझ्या बोटाखाली त्यांची नाडी उडत होती. मला रडूच आलं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाल्या, "अर्धं काम मी केलं, अर्धं तुमचं. विडी परत सुरू झाली तर ही नळीसुद्धा बुजेल." बाबांनी बंडीच्या खिशातून अर्धं बंडल काढलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवून दिलं. "ठेव बाय, माझी आता सुटली," म्हणाले. आणि खरंच सुटली.

अशी ऑपरेशनं झालेल्या प्रत्येक माणसाची त्या हॉस्पिटलात नोंद ठेवतात. कुणाचा पाय वर्षभर टिकला, कुणाचा गेला, का गेला. माणसं लांबून येणार, दर तीन महिन्यांनी कशी येतील, म्हणून त्यांनी माझ्याकडेच फॉर्म दिला. आशाताई घरातच आहे म्हटल्यावर त्यांना देव पावल्यासारखं झालं. पावलावर नाडी लागते का, पाऊल गरम की गार, जखम आहे का, न थांबता चालण्याचं अंतर किती, विडी-तंबाखू आहे का नाही. भरायचा आणि फोनवर फोटो पाठवायचा.

त्याच वर्षी मे महिन्याच्या शेवटी डहाणूला तंबाखूविरोधी दिनाचा कार्यक्रम झाला. त्यात मी सासऱ्यांना उभं करून सांगितलं, बघा, या माणसाने सेहेचाळीस वर्षांची विडी सोडली आणि पाय वाचवला. टाळ्या झाल्या. मला शाल आणि नारळ मिळाला, आणि पंधरा दिवसांनी आमच्या पाड्याच्या तोंडाशी निळा बोर्ड लागला: तंबाखूमुक्त पाडा. खाली बारीक अक्षरात आशा कार्यकर्तीचं नाव. खोटं का बोलू, येता-जाता मी तो बोर्ड वाचायची.

जुलैचा फॉर्म मी मान वर करून भरला. नाडी लागते. पाऊल गरम. विडी नाही. डॉक्टर दक्षांनी उत्तरादाखल शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र पाठवलं.

मग पितृपक्ष आला.

माझी सासू ठकी जाऊन सहा वर्षं झाली. सर्वपित्रीला आमच्याकडे तिचं पान वाढतात. भात, उडदाची डाळ, वडे, वाटीत ताडी आणि पानाच्या कडेला एक विडी. कारण ती स्वतः पक्की विडी ओढणारी बाई होती, आमच्याकडच्या जुन्या बाया ओढायच्याच. ती विडी पेटवूनच ठेवायची, असं आमच्या घरात आहे. विझलेली विडी पितर घेत नाहीत. आणि विडी नुसती काडी लावून पेटत नाही. ओठात धरून दोन झुरके मारावे लागतात, तेव्हा ती धरते.

दर वर्षी ते माझा नवरा मनिष करायचा. या वर्षी त्याला उंबरगावच्या कंपनीत शिफ्ट होती. घरात मी आणि बाबा. दार उघडं, ओटीवर पांड्या, त्याची बायको बारकी आणि आणखी चार माणसं जेवायला बसलेली.

विडी मी हातात घेतली होती. काडीही ओढली. आणि तेवढ्यात बारकी माझ्याकडे बघून हसली. आता बघा गंमत, बोर्डावर नाव असलेली बाई विडी पेटवते, असं ते हसणं होतं. निदान मला तरी तसं वाटलं. माझे कान तापले. मी काडी विझवली आणि विडी बाबांच्या हातात दिली.

"मी नको, पोरी," ते म्हणाले.

"दोनच झुरके बाबा. आईंसाठी. त्याने काय होतं?"

हे मी म्हणाले. मी, जी पांड्याला 'एक विडीसुद्धा नको' म्हणून मूठ उघडायला लावते. बाबांनी पाच महिन्यांनी विडी ओठात धरली, डोळे मिटले आणि झुरका घेतला. दोन घ्यायचे होते, त्यांनी तीन घेतले. मी मोजले, आणि काही बोलले नाही.

चार दिवसांनी त्यांचा सदरा धुवायला घेतला तर त्याला वास आला. तो वास मला झोपेतसुद्धा ओळखता येतो. खरं म्हणजे त्या क्षणी मी तो सदरा घेऊन त्यांच्यापुढे उभं राहायला हवं होतं. रडायला हवं होतं, पाया पडायला हवं होतं, त्यांना उचलून डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं. माझी चूक झाली, मीच तुमच्या हातात दिली, हे सांगायला हवं होतं. मी ओटीवर गेले, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली करून म्हणाले, "बाबा, पाड्यात कुणाला दिसता कामा नये."

त्यांनी मान खाली घातली आणि "बरं" म्हणाले.

ओढू नका, असं मी म्हणाले नाही. दिसता कामा नये म्हणाले. हे एक वाक्य मला आजही अंगावर येतं.

त्यानंतर बाबा रोज दुपारी फिरायला जायला लागले. "ओहोळापलीकडे जाऊन येतो, डॉक्टरणीने चालायला सांगितलंय," म्हणायचे. जाऊन येऊन चांगलं दोन किलोमीटर पडतं. ऑक्टोबरच्या फॉर्मवर मी लिहिलं: चालण्याचं अंतर, एक किलोमीटर न थांबता. विडी-तंबाखू, नाही. पहिलं लिहिताना मला अभिमान वाटला आणि दुसरं लिहिताना हात थोडा थबकला, एवढंच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला सांगितलं. नाडी तर लागत होती ना.

जानेवारीत लागली नाही. पावलावर दोनतीनदा बोट फिरवलं. थंडी आहे, पाऊल गार असणारच, माझंच बोट चुकत असेल, असं म्हणत मी मागच्या फॉर्मवरचं सगळं जसंच्या तसं उतरवलं. नाडी लागत नाही असं लिहिलं असतं तर त्यांनी लगेच बोलावलं असतं. बोलावलं असतं तर विचारलं असतं. विचारलं असतं तर कळलं असतं. आणि त्याच महिन्यात आमच्या पाड्यावर जिल्ह्याची माणसं बोर्ड बघायला यायची होती. बाबा दुपारचे लवकर परत यायला लागलेत, हेही मला दिसत होतं. पण मी विचारलं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी त्यांचं पाऊल पांढरंफटक पडलं आणि त्यांना ते जाणवेना. मनिषने गाडी केली, आम्ही हॉस्पिटलात पोचलो, तिथून मुंबईला फोन झाले, डॉक्टर दक्षा त्यांचा दिवस नसताना धावत आल्या. नळी आत पूर्ण बुजली होती. दोन दिवस त्यांनी खटपट केली. तिसऱ्या दिवशी उजवा पाय गुडघ्याखाली काढला.

आता जे सांगायचं ते मार्चमधलं, परवाचं.

टाके दाखवायला आम्ही गेलो होतो. बाबा चाकाच्या खुर्चीत, मी मागे. आता डाव्या पायाच्या करंगळीला जखम होती आणि तीही भरत नव्हती. तोही पाय त्यांनी खाली लोंबता सोडला होता. डॉक्टरांच्या टेबलावर माझे तिन्ही फॉर्म छापून ठेवलेले होते. ओळखीचं अक्षर दिसलं आणि मी नजर बाबांच्या करंगळीकडे वळवली.

"हर्षदाताई, बसा," डॉक्टर दक्षा म्हणाल्या. त्यांचा चेहरा ओढलेला होता. "तुमची मी माफी मागणार आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुमच्याइतके व्यवस्थित फॉर्म मला कुणाचे येत नाहीत," त्या म्हणाल्या. "विडी बंद. गोळ्या वेळेवर. रोज एक किलोमीटर चालणं. जानेवारीपर्यंत नाडी लागतेय. तुम्ही तुमचं अर्धं काम पूर्ण केलं. मग चूक माझ्याच अर्ध्यात असणार. जोड कुठे तरी आवळला गेला असेल. मी ते ऑपरेशन डोक्यात कितीदा तरी परत केलंय, मला चूक सापडत नाही. पण आहे."

एवढी शिकलेली बाई माझ्यासमोर मान खाली घालून बसली होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते नुसतं म्हणायचं नसतं हे मला तेव्हा कळलं.

"आता डाव्या पायाचं," त्या पुढे म्हणाल्या. "यालाही तोच आजार आहे. बायपास करता येईल. पण विडी नसताना, सगळं पाळलेलं असताना पहिली नळी दहा महिन्यांत बंद पडली. म्हणजे काकांच्या पायात ती टिकत नाही असंच मला धरावं लागेल. मग पुन्हा सहा तास भूल देऊन त्यांचा जीव धोक्यात घालायचा आणि वर्षाने पाय काढायचाच, हे मला बरोबर वाटत नाही. औषधं देऊ. जखम वाढली तर..." त्या थांबल्या. "तर हाही काढावा लागेल."

मी खुर्चीची मूठ घट्ट धरली होती.

"काका, एकदाच विचारते," डॉक्टर त्यांच्याकडे वळल्या. "ऑपरेशननंतर एखादी तरी विडी? मी रागावणार नाही. खरं कळलं तर उपचार बदलेल, म्हणून विचारते."

"नाय बाय," बाबा लगेच म्हणाले. "तुझ्या टेबलावर ठेवली ती शेवटची."

सहज, माझ्याकडे न बघता म्हणाले. त्यांना सगळं कळलं होतं. हो म्हटलं तर पाय वाचायची आशा होती आणि नाही म्हटलं तर माझं नाव राहणार होतं. त्यांनी एका क्षणात निवडलं होतं.

डॉक्टरांनी पेन उचललं आणि लिहायला लागल्या. आता बोलले नाही तर हा कागद पुरा होणार होता. मला पांड्या दिसला, बारकी दिसली, पाड्यातल्या सगळ्या बाया दिसल्या, ज्यांना मी नऊ वर्षं झापत आले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं त्या तोंडावर म्हणतील, आणि काय चूक म्हणतील? मला लाज वाटत होती आणि त्या लाजेचीही लाज वाटत होती, कारण समोर त्या म्हाताऱ्याचा दुसराही पाय जायची वेळ आली होती आणि मी अजून माझाच विचार करत होते.

"डॉक्टर, लिहू नका," मी म्हणाले. "ऑपरेशन तुमचं चुकलं नाही. विडी परत सुरू झाली होती. पितरांच्या दिवशी मीच त्यांच्या हातात दिली. मला माहीत होतं. यातले शेवटचे दोन फॉर्म खोटे आहेत. जानेवारीत नाडी लागत नव्हती."

पेन थांबलं. डॉक्टर ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त फॉर्म एकमेकांवर नीट ठेवले आणि बाबांना विचारलं, "काका, दिवसाला किती?"

मान वळवून बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "सांगू का, पोरी?"

पाय त्यांचा, जीव त्यांचा, आणि खरं बोलायची परवानगी ते मला विचारत होते. मी मान डोलावली.

"सात-आठ," बाबा म्हणाले. "पण पाड्यात नाय ओढली कधी. हिने सांगितलेलं, कुणाला दिसता कामा नये. म्हणून ओहोळापलीकडे जायचो."

"रोज? चालत?"

"रोज. दिवाळीपर्यंत ओहोळापलीकडे जात होतो. मग पोटरी भरायला लागली तं ओहोळाच्या अलीकडे, सादड्याच्या झाडाखाली बसून ओढायचो. नाताळाला मोहाच्या झाडापर्यंतच जाववायचं. मग तेवढंपण होईना. पेंढ्याच्या उडवीमागे लपून ओढायचो. ती आपल्या घरामागंच हाय."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ओहोळ, सादडा, मोह, उडवी. एक किलोमीटर, अर्धा, पाव, वीस पावलं. नळी महिन्यामहिन्याने बुजत चालली होती, आणि ते फॉर्मवर नेमक्या एका ओळीत लिहायचं होतं. त्या ओळीत मी दोन्हीदा एक किलोमीटर लिहिलं होतं.

"दिवाळीला कळलं असतं," डॉक्टर म्हणाल्या, "तर आत फुगा घालून ती नळी..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

बाहेर हायवेवरून ट्रक जात होते. थोड्या वेळाने डॉक्टर उठल्या, बाबांसमोर खाली बसल्या आणि डाव्या पावलावर बोट ठेवून त्यांनी बराच वेळ नाडी शोधली.

"या पायाला बायपास करता येईल," त्या शेवटी म्हणाल्या. "पण विडी खरोखर बंद हवी. आणि ऑपरेशननंतर आता दर पंधरा दिवसांनी कुणीतरी नाडी बघून मला कळवायला हवं. खरं कळवणारं." माझ्याकडे न बघताच त्या उठल्या. "तुमच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना सांगते मी. त्या येतील."

मला ते कबूल होतं. मी होच म्हणणार होते. पण बाबा हात हलवून म्हणाले, "सिस्टर कशाला? हर्षदाच बघील."

"काका..."

"हिचंच बोट बरं हाय. पहिल्यांदा तूच धरून शिकवलंस ना हिला." आणि मग माझ्याकडे वळून, रोज जेवायला वाढ म्हणतात त्याच आवाजात म्हणाले, "पोरी, बघशील ना?"

त्यांनी मला शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती तर मी ती घेऊन घरी गेले असते. त्यांच्या डोळ्यांत रागाचा लवलेश नव्हता, आणि मला तोंड लपवायला त्या खोलीत कुठे जागा नव्हती. मी त्यांच्या खुर्चीसमोर खाली बसले, त्यांचं गार पाऊल दोन्ही हातांत घेतलं आणि डॉक्टरांच्या देखत नाडी शोधायला लागले. ती लागली नाही, आणि ते मी मोठ्याने सांगितलं.